उपवास, वजन आणि अंगचे बळ

(देवस्थानच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)



देवाच्या सभामंडपात उपवासाविषयी बोलावयाचे म्हणजे धारिष्ट्यच! म्हणून प्रारंभीच सांगतो की, व्रत म्हणून केलेल्या एकादशीविरुद्ध मला काहीही म्हणावयाचे नाही. निरोगी माणसाचे एका दिवसाच्या लंघनाने बळ सरत नाही. माझे बोलणे आहे ते वजन उतरविण्यासाठी आठवडेच्या आठवडे पोट मारणाऱ्यांविषयी. काट्यावरून जे उतरले ते नेमके काय उतरले, एवढाच माझा प्रश्न आहे.

चरबी उतरली, असे आपण समजतो. पण काट्याला चरबी आणि स्नायू यांतील भेद कळत नाही. नुसते खाणे तोडून वजन घटविले, तर घटलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो. त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. याचे कारण असे की, मेंदूला अखंड साखर लागते. यकृतातील साखरेचा साठा सुमारे एका दिवसात संपत येतो. चरबीपासून शरीराला साखर फारशी करता येत नाही; म्हणून ते स्नायूंतील प्रथिने मोडू लागते. उपवास लांबला की मेंदू चरबीपासून निघणाऱ्या द्रव्यांवर बराचसा भागवितो आणि ही मोड मंदावते, परंतु थांबत नाही. सरपण संपले म्हणून घराचे वासे चुलीत घालावेत, तसाच हा प्रकार!

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. आहार मुख्यतः बटाटे, पाव अशा पिष्टमय पदार्थांचा. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले; त्याबरोबर अंगातील शक्तीही ओसरली. हे तरुण आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालत होते, हे विशेष ध्यानात घ्यावे. केवळ चालण्याने बळ राखले गेले नाही.

मग ते राखावे कसे? पहिली गोष्ट, घाई नको. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. दुसरी, प्रथिने. साठ किलो वजनाच्या माणसाला एरवी दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. वजन उतरविताना मात्र ७० ग्रॅमच्या आसपास हवीत. येथेच आपल्या फराळाचे दुखणे आहे. शंभर ग्रॅम साबूदाण्यात एक ग्रॅमही प्रथिन नसते. तेवढ्याच राजगिऱ्यात १३-१४ ग्रॅम, तर शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम असते. पाव लिटर दुधात आठ ग्रॅम मिळते. तेव्हा उपवासाला राजगिरा, दूध, ताक व बेताने शेंगदाणे घ्यावेत. पारण्याला मुगाची गाठी, आणि एरवी अळसाणे, डाळी, चालत असेल त्यांनी बांगडा वा तारले. आपल्या स्वयंपाकघरात सर्व काही आहे.

तिसरी गोष्ट, स्नायूंना भार. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस करावी, भिंतीला हात लावून अंग ढकलावे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलाव्यात. शरीर कामातला स्नायू सहसा सोडीत नाही. वय झाले ही सबब नको. बॉस्टन येथे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे वजने उचलली, आणि त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक वाढले. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून उपवास वा आहारबदल करू नये.

आपल्या घरांत सर्वाधिक उपवास स्त्रिया करतात, आणि उतारवयात पडून हाड मोडण्याचे दुःखही त्यांच्याच वाट्याला अधिक येते. उतरलेले वजन पुढे परतते, पण बहुतांशी चरबीच्या रूपाने. गेलेला स्नायू मेहनतीवाचून परत येत नाही. असे दोन-चार वेळा घडले की काटा पूर्वीचाच आकडा दाखवितो, माणूस मात्र दुबळा झालेला असतो.

म्हणून काट्याबरोबर आणखी एक कसोटी ठेवावी. पंगतीला पाटावर बसून आधाराविना उठता येते का? देवळाच्या पायऱ्या न थांबता चढवतात का? पालखीला खांदा देववतो का? वजन घटूनही हे साधत असेल, तर चरबीच गेली असे समजावे.

आपणा सर्वांना सेवेचे बळ अखेरपर्यंत लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.