काखेतली गाठ आणि ऊसतोडीचा हंगाम



मी बँकेतला कारकून, कलाशाखेचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तरी स्तनाच्या कर्करोगावर बोलतो आहे, कारण पुरुषांनी मौन पाळले तर घरच्या बाईला दवाखान्यात नेणार कोण?

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे आपण जाणतो. तशाच लसीकाग्रंथी काखेत असतात. स्तनातील बहुतेक लसीकाद्रव त्यांच्याकडे वाहतो, म्हणून स्तनातला रोग पसरू लागला की पहिला मुक्काम बहुधा काखेत करतो. गाठ जितकी मोठी, तितकी ही शक्यता अधिक. पेशी उग्र असल्या किंवा लसीकानलिकांत शिरलेल्या असल्या, तरी धोका वाढतो. काखेत हाताला काही लागले नाही म्हणजे रोग नाही, असेही नव्हे. मात्र ग्रंथीत रोग सापडला म्हणजे सारे संपले, हा समज खोटा. त्यावरही उपचार आहेत. पण बऱ्याच ग्रंथी काढाव्या लागल्या तर पुढे हात सुजू शकतो. कोयता धरणाऱ्या बाईला हे केवढे महाग पडेल!

आपल्या जिल्ह्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. खाडा झाला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचे २०१९ साली शासकीय पाहणीत आढळले. पाळीच्या दुखण्याने खाडा पडतो, हे त्यामागचे एक कारण. स्तनातली गाठ सुरुवातीला सहसा दुखतच नाही. तिच्यामुळे खाडा पडत नाही, म्हणून ती "पट्टा पडल्यावर बघू" यावर राहते, आणि पाच-सहा महिने फडात जातात.

शेजारच्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथे कर्करोग रुग्णालयही आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांतील दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटाचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र नाही, शिकवलेला हात पुरला.

तेव्हा दसऱ्याच्या सुमारास, गाड्या भरण्याआधी, वस्तीतल्या बायांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. गाठ, आत ओढलेली कातडी, स्तनाग्रातून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर उचल घेतली असली तरी आधी दवाखाना. मुकादमाशी बोलायला आम्ही चार माणसे सोबत येऊ.