घास कुणाच्या हातानं?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संक्षिप्त भाग)



मारहाण, हुंडा, पोटगी, मालमत्ता या प्रश्नांवर आपण कितीतरी शिबिरं घेतली. वृद्धाश्रमात किंवा मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहणाऱ्या बाईचा प्रश्न मात्र आपण 'सेवाभावी' लोकांवर सोपवला. दिवाळीला तिथे फराळ वाटायला जातो, तेवढंच. आज मी बोलणार आहे ते फराळाबद्दल नव्हे, चमच्याबद्दल.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हातपाय थकलेल्या माणसाला रोजची कामं आपली आपण करता यावीत, हे बघणं हा माझा व्यवसाय. एका वृद्धाश्रमात मी दर आठवड्याला जाते. तिथे दहा-बारा आजींना भरवलं जायचं. त्यातल्या निम्म्याजणींना भरवायची गरजच नव्हती. संधिवातानं बोटं पुरती मिटत नाहीत, म्हणून बारीक दांड्याचा चमचा निसटतो. दांड्याला चिंधी घट्ट गुंडाळून वर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली, की तोच चमचा हातात बसतो. अर्धांगवायू झालेलीला एका हातानं जेवायचं तर ताट सरकतं. खाली ओलं फडकं घातलं की ते हलत नाही. उभ्या काठाच्या थाळीत घास काठाला टेकवून गोळा करता येतो. नजर अधू असेल तर पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात दिसत नाही. रंगीत ताटली हवी. आणि जिला हातानं कालवून खायचंय, तिच्या हातात चमचा द्यायचाच कशाला? जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवायचं.

हे इतकं सोपं आहे, तर मग भरवतात का? कारण भरवलं की जेवण लवकर आटोपतं. तीस जणींमागे दोन मावशी असतील तर त्या दुसरं काय करणार? त्याही बायकाच आहेत, कमी पगारात बारा-बारा तास राबणाऱ्या. त्यामुळे आजींचा हक्क मागताना मावशींची संख्या आणि पगार हाही आपलाच मुद्दा असला पाहिजे. नाहीतर एका बाईची प्रतिष्ठा दुसरीच्या पाठीवर लादली जाईल.

सोयीचा हा हिशेब ताटापुरता राहत नाही. विंचरायला वेळ लागतो, म्हणून केस कापायचे. नेसवायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यांना एकसारखे गाऊन. ब्लाउजच्या हुकांऐवजी वेल्क्रो लावता येतं, हे कुणी सुचवत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याचं कलम 20 जरूर वाचा. सक्तीनं मुंडण करायचं नाही, स्वतःचे कपडे घालू द्यायचे, खाजगीपणा जपायचा, सक्तीनं काम करून घ्यायचं नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे. पण वृद्धाश्रमालाही हीच मोजपट्टी लावायला आपल्याला कोण अडवतंय?

मोबदल्याचा मुद्दा माझ्या कामात रोज येतो. स्मृतिभ्रंश झालेल्या बाईला दिवसभर भिंतीकडे बघत बसवलं तर ती अस्वस्थ होते, मग तिला 'त्रासदायक' ठरवतात. हाताला, नाकाला, कानाला ओळखीचं काही मिळालं की पुष्कळजणी शांत होतात. लिंबाचं पान चुरगळून हुंगणं, वाती वळणं, मोगऱ्याची फुलं ओवणं, केसांना तेल लावून घेणं, जात्यावरच्या ओव्या. पण बाई म्हणजे स्वयंपाकघर, असं धरून चालू नका. विड्या वळणारीची बोटं वेगळं काही शोधतात, शिक्षिकेला खडू आणि पाटी हवी असते, एखादीला जन्मभर निवडण्या-टिपण्याचा कंटाळाच आलेला असतो. आधी तिला विचारायचं. ती 'नको' म्हणाली तर तेही उत्तरच आहे. आणि विरंगुळा म्हणून दिलेल्या शेंगा संस्थेच्या रोजच्या भाजीसाठी सोलून घेतल्या जायला लागल्या, तर तो विरंगुळा नाही, बिनपगारी काम आहे. जन्मभर तेच केलं. म्हातारपणी तरी सुटका होऊ द्या.

दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी मोफत मिळावी म्हणून 2017 साली केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. पण वस्तू मिळणं वेगळं आणि वापरायला मिळणं वेगळं. चष्मा 'हरवेल' म्हणून कपाटात, श्रवणयंत्राचे सेल संपलेले, वॉकर दुसऱ्याच उंचीचा, हे मी स्वतः पाहिलंय.

तेव्हा पुढच्या वेळी फराळ घेऊन जाल तेव्हा जेवणाच्या वेळेलाच जा. कोण आपल्या हातानं जेवतंय आणि कोणाला का भरवलं जातंय, ते विचारा. कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा. उत्तरं लिहून काढा आणि आपापल्या गटात त्यावर चर्चा करा. घरात बाईच्या इच्छेला किंमत असावी म्हणून आपण भांडलो. संस्थेच्या दारापाशी ते भांडण थांबवायचं काही कारण नाही.