बाळोत्यांची उतरंड

पुण्याच्या जुन्या पेठांतून पूर्वीं कोणाकडे बाळंतीण सुखरूप सुटल्याची वार्ता आली, कीं आप्तस्वकीयांच्या घरीं ट्रंका उघडल्या जात. धुऊन धुऊन सायीसारखें मऊ झालेलें एखादें लुगडें बाहेर निघे आणि दुपारच्या निवांत वेळीं कात्रीचा आवाज सुरू होई. बाराव्या दिवशीं बारसें; तोंवर बाळंतविडा सिद्ध झाला पाहिजे. मूल जन्मण्यापूर्वीं त्याचे कपडे शिवूं नयेत असा पुष्कळ घरीं संकेत असे, त्यामुळें सारें काम त्या अकरा दिवसांत उरकावें लागे. या संकेतास कोणी भाबडेपणा म्हणोत. रिकामे झालेले पाळणे ज्यांनीं पाहिले होते त्यांना तो भाबडेपणा वाटला नसता.

त्याच पेठांतून हल्लीं एक निराळी भेट दिसूं लागली आहे. तयार डायपरांच्या सुरळ्या करावयाच्या, त्या उभ्या लावून तीन थरांत एकावर एक रचावयाच्या, रेशमी फितींनीं बांधावयाच्या आणि शेंड्यावर कापसानें भरलेलें अस्वल बसवावयाचें. दुरून पाहणारास तो लग्नांतला केकच वाटतो, आणि नांवहि 'डायपर केक' असेंच पडलें आहे. ही चाल पाश्चात्त्य देशांतून आली.

सदाशिव पेठेंतील एका घरीं अशीच एक रचना नातीनें मैत्रिणीच्या बाळासाठीं करून आणली. आजीनें चष्मा सारखा करून ती सर्व बाजूंनीं न्याहाळली.

"दिसतो खरा झोकदार. पण ह्यांतलें खायचें काय ग?"

"खायचें नाहीं, आजी. बाळाला नेसवायचें."

"मग केक कशाला म्हणतेस? बाळोत्यांची उतरंड म्हण कीं."

आजीला सुचलेला शब्द अगदीं नेमका आहे. मोठें मडकें खालीं, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, अशी उतरंड प्रत्येक स्वयंपाकघरांत असे. बाळोतें हाहि शब्द जुना आणि घरगुती; मात्र नव्या पिढीच्या तोंडून तो जवळजवळ नाहींसा झाला आहे.

बाळंतविडा हा केवळ मुलाचा नसे, हें येथें सांगितलें पाहिजे. त्यांत आईसाठीं खण किंवा लुगडें, डिंकाचे व अळिवाचे लाडू, खोबरें, खसखस, बाळंतशेपा. आणि मुलासाठीं झबलीं, टोपडीं, कुंची, दुपटीं आणि बाळोतीं. आजच्या डायपर केकमध्यें बाळाच्या आईची आठवण कोणास होत नाहीं, ही त्याची पहिली उणीव. उलट जुन्या विड्यांतील गुटीच्या सामानाची पुरचुंडी आतां वगळलेली बरी. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज मुलाच्या पोटांत कांहींहि जाऊं नये असें वैद्यकशास्त्र आज निक्षून सांगतें. मधाचें बोटहि नको आणि धुरीचा धूरहि नको.

पुण्यांत शिवणाची परंपरा कांहीं लहान नाहीं. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं उभ्या राहिलेल्या सेवासदनानें कितीतरी स्त्रियांच्या हातीं सुई आणि कात्री दिली. तुळशीबागेंतील राममंदिराचें काम नारो आप्पाजी खिरे यांनीं १७६१ सालीं आरंभिलें, तें १७९५ सालीं पुरें झालें. त्या मंदिराभोंवतालच्या दुकानांतून कुंच्या आणि टोपडीं आजहि टांगलेलीं दिसतात. तीं विकत घ्यावयास कोणाची हरकत नाहीं. परंतु विकतच्या नव्या कापडाला खळ असते, आणि नवजात मुलाची त्वचा अतिशय कोवळी. म्हणून जुन्या बायका पहिल्या दिवसांत नव्या कापडास हात लावीत नसत, जुनेरच लागे. सवाई माधवरावांस पुरंदरावर १७७४ सालीं जन्मल्यापासून अवघ्या चाळिसाव्या दिवशीं पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. पण त्या भारी वस्त्रांत तें मूल निजलें असेल असें थोडेंच आहे? त्यालाहि जुनेराचीच ऊब बरी वाटली असेल.

आजीनें उतरंड नव्यानें रचावयाची ठरविली. बारशाला चार दिवस उरले होते. तिनें ट्रंकेंतून घडीचें एक लुगडें काढलें, तोंच नातीनें तें नाकाशीं नेऊन बाजूला ठेवलें. लुगड्याला डांबरगोळ्यांचा उग्र वास येत होता. नातीचें म्हणणें बरोबर होतें. या पांढऱ्या गोळ्या पुष्कळदां नॅप्थलीनच्या असतात. कांहीं मुलांच्या रक्तांत 'जी सिक्स पी डी' नांवाचें विकर जन्मतःच कमी असतें. अशा मुलाला त्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळलें तर त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ इतकी वाढूं शकते कीं ती मेंदूस बाधते. कोणत्या मुलांत हा दोष आहे तें वरून कळत नाहीं. तेव्हां असें कापड या कामास घेऊंच नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची कांडी कपड्यांत ठेवण्याची जुनी रीत होती. वास तिलाहि असतो, म्हणून तें कापडहि धुऊन उन्हांत वाळवूनच वापरावें.

मग आजीनें दोरीवरचें, रोज नेसावयाचें लुगडें ओढून घेतलें. "हें घे. माझीं अजून दोन आहेत." नात नको नको म्हणत राहिली, पण कात्री आजीच्या हातांत होती.

हिशोब असा. नऊवार म्हणजे ३२४ इंच लांबी. पन्हा ४५ इंच. दोन्ही बाजूंचे दीड-दीड इंचाचे कांठ कापून वेगळे केले कीं ४२ इंच रुंदी उरते. तींत २१ इंचांचे दोन चौकोन बसतात. असे चौदा जोड पाडले म्हणजे २८ बाळोतीं होतात आणि ३० इंचांचा पदर शिल्लक राहतो. कडा बारीक दुमडून हातशिलाई घालावी. जाड दुमड मुलाच्या मांडीला रुतते. चौकोनाची घडी करून सैल सुरळी करावी. खालच्या थरांत पंधरा, मधल्यांत नऊ, वर चार. बांधावयास फितींची किंवा पिनांची गरजच नाहीं, कापून काढलेले कांठ हेच बंध. (वॉल्टर हंट नांवाच्या अमेरिकनानें १८४९ सालीं सेफ्टी पिनेचें पेटंट घेतलें आणि तें लौकरच अवघ्या चारशें डॉलरांना विकून टाकलें, अशी तिची कथा आहे, पण देतांना पिन मोजून घेतली नाहीं तर ती नेमकी दुपट्यांतच सांपडते.) उतरंड सोडल्यावर ते बंध आईनें उचलून ठेवावे, लांब फीत किंवा बंध मुलाच्या गळ्याशीं येतां कामा नये. अस्वलहि पाळण्यांत ठेवूं नये, तें कपाटावर शोभतें. पुठ्ठ्याऐवजीं खालीं नवें सूप घ्यावें, आणि शेंड्यावर कुंची. मधल्या पोकळींत अळिवाची एक पुरचुंडी, ती बाळंतिणीची.

नवजात मूल दिवसांतून दहा-बारा वेळां ओलें होतें, तेव्हां २८ बाळोतीं दोन-अडीच दिवसांचीच. पावसाळ्यांत तीं वाळणार कशीं, हा प्रश्न जुन्या घरांतून शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून सोडविला जाई. आज नोकरी करणाऱ्या आईस हें सारें जमेल असें म्हणणें अन्यायाचें होईल. अमेरिकेंत १९६१ सालीं 'पॅम्पर्स' नांवानें टाकाऊ डायपर बाजारांत आले, त्यांनीं रात्रीची झोंप पुष्कळ मातांस परत दिली, हें खरेंच. परंतु डायपर टाकला म्हणजे तो नाहींसा होत नाहीं. पुण्यांत घरोघरचा कचरा ज्या स्त्रिया हातांनीं निवडतात, त्यांच्या बोटांस तो लागतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं असा कचरा गुंडाळून देण्याचें बंधन घातलें होतें, आणि या स्त्रियांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेनें त्या पुडक्यावर लाल ठिपका काढावा अशी मोहीम चालविली. वर्तमानपत्राचा एक कागद आणि शाईचा एक ठिपका, इतकेंच काम. तेंहि न करणारीं सुशिक्षित घरें या शहरांत थोडीं नाहींत.

फिनलंड देशांत तर १९३८ सालीं सरकारनेंच गरीब मातांना बाळंतविडा देण्यास आरंभ केला, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुठ्ठ्याच्या पेटींत मुलाचे कपडे आणि घरीं शिवावयाचें कापड असे. १९४९ पासून ती पेटी सर्वच मातांस मिळूं लागली. अट एवढीच कीं गर्भारपणीं वेळेवर तपासणी करून घेतली पाहिजे. त्या पेटीनें कित्येक मुलांच्या पहिल्या पाळण्याचेंहि काम केलें. आपल्या राज्यानेंहि २०१९ सालीं शासकीय रुग्णालयांतील पहिल्या अपत्यासाठीं तशीच योजना सुरू केली.

सदाशिव पेठेंतील उतरंड तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं उभी राहिली. नातीनें सुरळ्या मोजल्या, त्या सत्तावीस भरल्या. पुन्हां मोजल्या, तरी सत्तावीसच. अठ्ठाविसावें बाळोतें आजीच्या उशाशीं चष्म्याखालीं होतें; त्याची एक कड शिवावयाची राहिली होती आणि सुई तशीच टोंचलेली होती. नातीनें आधीं सुई काढून डबींत ठेवली, मग दिवा लावला.