केसांचे दागिने आणि न्हाव्यांचा नकार



कामगार चळवळीतल्या माणसाने दागिन्यांवर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. पण आमची शाळा कारखान्याच्या फाटकावर भरली. वस्तू दिसली की ती कोणाच्या हातची, हे आम्ही आधी विचारतो.

१८६१ साली व्हिक्टोरिया राणीचा पती अल्बर्ट वारला. त्याचे केस तिने लॉकेटात घालून जवळ बाळगले. चाल जुनीच, राणीमुळे तिला जोर चढला. केस सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढायचा, लांबीप्रमाणे जुड्या लावायच्या, गोल मेजाभोवती वजने लोंबती ठेवून साखळी विणायची. स्वीडनमधल्या वोमहूस गावच्या बाया हे काम करीत परमुलखात हिंडत. गिऱ्हाइकाला मात्र धास्ती, की कारागीर आपल्या माणसाचे केस बदलून भलत्याचेच घालील! म्हणून घरी विणण्याची पुस्तके निघाली. कामकऱ्यावरचा अविश्वास हा असा सर्वत्र सारखाच.

आपल्याकडे केस सोन्यात बसले नाहीत. पती गेला की ब्राह्मण घरांत जिवंत बाईचेच केस उतरवीत. एकदा नव्हे, वाढतील तितक्या वेळा. दागिने तर आधीच उतरलेले. आणि वस्तरा कोणाच्या हाती? गरीब न्हाव्याच्या.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हावी मंडळींना एकत्र केले आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार झाला. १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारणारे आणि रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे ते हेच. सुट्टी सर्वांस ठाऊक, वस्तरा थोड्यांस. आमच्या मते हा नकार मोठा. पगारासाठी काम थांबवणे आम्ही जन्मभर केले. त्यात पदरी काही पडते. येथे मिळकत बुडणार होती, आणि दुःख परक्या, स्वतःला वरचे म्हणवणाऱ्या घरातले! चाल लगेच बंद पडली नाही. विसाव्या शतकातही ती चालूच होती.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता घ्यायला सांगितले. परिपत्रक ठीक; पण बांगड्या फोडतात त्या आपल्याच वडीलधाऱ्या बाया. त्यांच्याशी बोलायला आम्ही पुढल्या रविवारी येतो. जागा आपण सांगा.