कुत्र्याची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात आजवर पाककृती, बालसंगोपन, शिवणटिपण अशा पुष्कळ विषयांवर भाषणे झाली. चिटणीसबाईंनी मला 'चार शब्द बोला' अशी गळ घातली आणि मी 'कुत्र्यावर बोलेन' असे सांगितले, तेव्हा त्यांना हसू आवरेना. "अहो, कुत्र्यावर काय बोलायचं? वेळेला भाकरी टाकली की झालं!" असे त्या म्हणाल्या. भगिनींनो, एके काळी माझेही मत हेच होते. त्या मतापायी आमच्या घरात काय ओढवले, ते सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

आपण गडहिंग्लजची माणसे काळभैरीला मानणारी. यात्रेला डोंगरावर जाऊन आल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. त्या काळभैरवाचे वाहन कुत्रा. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री असतात. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात जायचे नाकारले, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. हे सारे आपण भक्तिभावाने ऐकतो आणि घरी येतो. दाराशी कुत्रे दिसले की आपला पहिला शब्द कोणता? 'हाड!'

आमचे घर गावाच्या कडेला, मागे ऊस. राखणीसाठी म्हणून मोत्याला आणले. बांधलेले कुत्रे तिखट होते, अशी आपल्याकडे समजूत. म्हणून गोठ्याच्या खांबाला साखळी घातली ती कायमची. दोन वेळची भाकरी पुढे सरकवायची, एवढाच त्याचा नि आमचा संबंध. भुंकला की मामंजींची काठी. घाण केली की काठी. एकदा साखळी तुटून तो उसात पळाला. तासाभराने आपण होऊन परत आला, तर त्याला आल्या आल्या बडवले. तेव्हापासून तो सुटला म्हणजे हाकेला येईनासाच झाला. आता कळते की, त्याच्या लेखी तो मार पळून गेल्याबद्दल नव्हताच, परत आल्याबद्दल होता!

दुसऱ्या वर्षी व्हायचे ते झाले. माझ्या दिरांचा सहा वर्षांचा मुलगा. त्याचा चेंडू गडगडत खांबापाशी गेला, तो उचलायला पोर वाकले आणि मोत्याने त्याच्या हाताचा चावा घेतला. मोत्याला लस टोचलेली होती, तरीही आम्ही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली, तसेच दवाखान्यात नेले आणि सर्व इंजेक्शने पुरी केली. पोर बरे झाले. पण कुत्र्याला पोत्यात घालून हिरण्यकेशीपलीकडे सोडून यायचे, असे घरात ठरले. मी जाऊबाईंच्या पाया पडले आणि म्हटले, "मला दोन महिने द्या. तोवर पोराला त्याच्या आसपासही फिरकू देणार नाही. नाहीच सुधारला तर मग म्हणाल तसे करू."

जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "बाई, भाकरी देणारे हात तुमच्याच घरातले आणि मारणारे हातही तुमच्याच घरातले. या मुक्या जीवाने विश्वास ठेवायचा कुणावर?" हे वाक्य माझ्या मनाला फार लागले.

पहिला आठवडा मी काहीच शिकवले नाही. रोज तांदूळ निवडायचे ताट घेऊन साखळीच्या टापूबाहेर बसायचे, त्याच्याकडे रोखून न पाहता काहीबाही बोलत राहायचे आणि मधूनच भाकरीचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा. पहिले दोन दिवस तो गुरगुरला. आठव्या दिवशी माझ्याकडे तोंड करून, पंजांवर हनुवटी टेकून निजला. भगिनींनो, पोराने पहिल्यांदा 'आई' म्हटल्यावर वाटावे तसे मला वाटले.

मग शाळा सुरू झाली. पहिला धडा नावाचा. 'मोत्या' म्हटले आणि त्याने मान वळवली की लगेच घास. 'लगेच' म्हणजे क्षणभरातच. घरातून डबा शोधून आणेपर्यंत आपण कशाचे बक्षीस देतो ते त्याला कळत नाही. दुसरा धडा बसण्याचा. घास त्याच्या नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. मान वर होते, मागचे अंग आपोआप खाली टेकते. टेकले की 'शाब्बास' आणि घास. दाबायला नको, ओढायला नको. पण मोत्याला चार दिवस काही उमजेना. पाहते तो काय, मी 'बस' म्हणे, सासूबाई 'बैस रे बाबा' म्हणत आणि आमचा गडी कानडीत सांगे! शेवटी 'बस' हा एकच शब्द घरात ठरला, आणि मोत्या दोन दिवसांत शिकला. मंदबुद्धीचा तो नव्हता, आम्हीच होतो.

पण खरी गाठ पडली ती खेळाने. जुन्या लुगड्याच्या काठांची जाड वेणी घातली. एक टोक त्याच्या तोंडात, दुसरे माझ्या हातात. सासूबाई म्हणाल्या, "त्याला जिंकू देऊ नकोस, डोक्यावर बसेल." तसे काही होत नाही. तो पाच वेळा जिंकला आणि पाचही वेळा ती वेणी माझ्याच हातात आणून देऊ लागला. एकटे जिंकण्यात त्यालाही गोडी नव्हती, गोडी होती ती सवंगड्यात. मात्र नियम एक. 'सोड' म्हटले की सोडायचे. सोडले की खेळ पुन्हा चालू. दात अंगाला लागले की खेळ तिथेच बंद, न रागावता. तोंड किती जोराने मिटावे हे त्याला काठीने शिकवता आले नव्हते, ते या वेणीने शिकवले.

दुसरा खेळ वासाचा. भाकरीचे तुकडे अंगणात लपवायचे आणि 'शोध' म्हणायचे. कुत्र्याचे जग नाकात असते. दहा मिनिटे हुंगून झाले की तो समाधानाने पसरतो; दिवसभरचे उगाच भुंकणे निम्म्यावर येते.

या खेळात किती मोठी शक्ती आहे पाहा. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत बाँबस्फोट झाले. त्या दिवसांत पोलिसांच्या 'झंजीर' नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याने तीन हजार किलोहून अधिक स्फोटके हुंगून काढली आणि कितीतरी संसार वाचवले. 2000 साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. असे कुत्रे काठीच्या धाकाने तयार होत नाहीत. वास सापडला की चेंडू मिळतो, सांभाळणारा शाबासकी देतो, म्हणून ते जीव लावून शोधतात. आपल्याला ते देशकार्य दिसते. त्याला तो आपल्या माणसाबरोबरचा खेळ असतो.

कुणी म्हणेल, ती जातिवंत कुत्री. आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्याचे काय? कोलकात्याजवळ मोहनपूर येथे विज्ञान शिक्षण व संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या अशाच कुत्र्यांचा अभ्यास केला. 2017 साली त्यांनी प्रसिद्ध केले की, अनोळखी माणसाने वारंवार नुसते खायला घालण्यापेक्षा प्रेमाने हात फिरवला, तर या कुत्र्यांचा विश्वास अधिक बसतो. इंग्लंडातल्या संशोधकांनी 2004 साली कुत्री पाळणाऱ्यांच्या माहितीवरून दाखवले की, बक्षिसाने शिकवलेली कुत्री अधिक ऐकतात, आणि जिथे शिक्षा अधिक तिथे खोडीही अधिक आढळतात. आपल्या पोरांच्या बाबतीत हे आपण जाणतोच की!

दोन महिने संपले तेव्हा मोत्याची साखळी दिवसा सुटली होती. परंतु पोराच्या मनातली भीती सुटली नव्हती. आम्ही घाई केली नाही. मोत्याला आत बांधून ठेवायचे, पोराने अंगणात तुकडे लपवायचे, आणि मोत्या ते शोधताना त्याने माझ्या कडेला उभे राहून पाहायचे. सहा महिन्यांनी एके संध्याकाळी पोराने आपण होऊन 'बस' म्हटले. मोत्या बसला. पोराने तळहातावर घास धरला आणि मोत्याने तो ओठांनी अलगद उचलला. त्या हातावर दातांचे वण अजून होते. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. पोत्याची गोष्ट त्यानंतर घरात कुणी काढली नाही.

जाता जाता चार सावधगिरीच्या गोष्टी. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत त्याला माणसे, पोरे, भांड्यांचे आवाज, गुरे यांची गोडीने ओळख करून द्यावी; तेव्हाचे शिक्षण जन्मभर पुरते. रेबीजची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी टोचावी, कारण तो रोग एकदा उमटला की उपाय जवळजवळ नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि शिजलेली हाडे त्याला घालू नयेत. जेवणाऱ्या, निजलेल्या किंवा पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्याजवळ मुलांना जाऊ देऊ नये, आणि लहान मूल नि कुत्रा यांना एकटे सोडू नये, मग कुत्रा मोत्यासारखा शहाणा का असेना.

भगिनींनो, मी तुम्हाला पैसा खर्चायला सांगत नाही. जुन्या लुगड्याची एक वेणी, भाकरीचा तुकडा आणि रोजची दहा मिनिटे, एवढेच भांडवल. चोराला तो पूर्वीसारखाच भुंकतो. फरक एवढाच की पूर्वी तो साखळीपायी आमच्या दारात होता. आता सुटा असूनही आमच्याच दारात असतो.