गडग्यांवर उभा डोंगर

इटलीच्या नकाशात वायव्येला, फ्रान्सच्या सरहद्दीपासून किनाऱ्याची एक अरुंद कमान सुरू होते. हा लिगुरिया प्रांत. मी तिथे पोहोचलो तो एका कवीचे बोट धरून, पुस्तकांतून. १९७५ चे नोबेल मिळालेले एउजेनियो मोन्ताले मूळचे जेनोवाचे. त्यांच्या लहानपणीच्या सुट्ट्या याच किनाऱ्यावरच्या मोन्तेरोस्सो गावात गेल्या. १९२५ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहात उन्हाने तापलेली एक भिंत आहे. तिने मला लिगुरियातल्या दुसऱ्याच भिंतींकडे नेले.

इथे आल्प्स आणि अपेनाइन्स हे डोंगर एकमेकांना भेटतात आणि थेट समुद्रात उतरतात. सपाट जमीन फारच थोडी. मग माणसांनी दोन वाटा धरल्या. एक समुद्राची. जेनोवाच्या आरमाराने १२८४ मध्ये पिसाला हरवले, व्यापाऱ्यांनी काळ्या समुद्रापर्यंत वखारी घातल्या. ते प्रजासत्ताक १७९७ पर्यंत टिकले.

दुसरी वाट डोंगराची. तिच्यावर ना सेनापती, ना सनावळी. मोन्तेरोस्सोसह पाच गावांच्या चिंक्वे तेर्रे भागात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उतारावर पायऱ्या काढल्या आणि चुना न वापरता दगडावर दगड रचला. कोकणात ज्याला आपण गडगा म्हणतो, तेच हे. फटींतून पाणी झिरपते, माती मागे राहते, तिच्यात द्राक्षे पिकतात.

१८६९ मध्ये शेजारच्या ला स्पेत्सियात नौदलाचे ‘आर्सेनाले’ सुरू झाले, १८७४ मध्ये रेल्वे आली. तरुण पगाराच्या कामाला गेले. हा शब्द मुळात अरबी, ‘दार अस्-सिनाआ’, म्हणजे कारागिरीचे घर. त्या घराने डोंगरावरचे कारागीर ओढून नेले.

१९९७ मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा ठरवला. पण पाऊस वारसा मानत नाही. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांत डोंगर खाली आला. मोन्तेरोस्सो आणि वेर्नात्सा चिखलाने भरली, माणसे दगावली. पुढे अभ्यासकांना आढळले, की अलीकडे ओस पडलेल्या पायऱ्यांवर दरडी अधिक कोसळल्या होत्या.

२०१८ मध्ये असे गडगे रचण्याची कलाही युनेस्कोच्या यादीत गेली. चांगलेच झाले. पण यादी दगड उचलत नाही. पावसाळ्यात निसटलेला धोंडा जागेवर बसवायला माणूसच लागतो, आणि तो गावात राहील एवढे त्या द्राक्षांनी त्याला द्यावे लागते.