थंडींतील एक ऊन पेला

एखादा पदार्थ कसा करावा हें सांगण्याचा अधिकार वास्तविक गृहिणींचा. माझा सारा जन्म प्राथमिक शाळेंत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यांत गेला; चुलीशीं संबंध आला तो चहापुरता. तरीहि आज मी तुम्हांला सफरचंदाचें एक ऊन, मसालेदार पेय करावयास सांगणार आहें. तें शिकण्याआधीं माझ्या हातून एका सज्जन बाईंचा अपमान घडला होता. आणि त्याचें प्रायश्चित्त म्हणूनच ही कृति मीं शिकून घेतली.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर माझी पत्नी आणि मी कन्येकडे अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांत गेलों होतों. ऑक्टोबरचा महिना होता. रानांतील पानें तांबडीं-पिवळीं होऊन गळूं लागलीं होतीं, आणि दिवस मावळला कीं पुणेकराच्या हाडांस न मानवणारी थंडी पडे. शेजारच्या घरांत एक वृद्ध बाई एकट्याच राहत. एका शनिवारीं त्यांनीं आम्हां सर्वांस बोलाविलें. दार उघडतांच दालचिनी-लवंगांचा असा दरवळ आला कीं आंत कोणी मसालेभात रांधीत आहे असें वाटावें. बाईंनीं शेगडीवरच्या भांड्यांतून वाफाळलेला पेला भरला, माझ्यापुढें धरला आणि म्हणाल्या, "साइडर".

शब्द कानीं पडला मात्र, आणि शाळेंतला जुना इंग्रजी-मराठी कोश डोळ्यांपुढें उभा राहिला. साइडर म्हणजे सफरचंदाची दारू! मीं हात मागें घेतला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजींत, पण पुरत्या मास्तरी थाटांत, सांगितलें कीं आम्ही मद्याला शिवत नाहीं. माझ्याकडे पाहून पत्नीनेंहि आपला पेला खालीं ठेवला. बाई कांहीं बोलल्या नाहींत. पण त्यांचा चेहरा उतरला. परत येतांना कन्या म्हणाली, "बाबा, मला एका शब्दानें विचारायचें होतें. इथें साइडर म्हणजे दारू नव्हे. सफरचंदाचा नुसता रस! तुमच्यासाठीं त्या सकाळपासून खपत होत्या."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. ज्यानें चाळीस वर्षें मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले, त्यानेंच एका शब्दाच्या अर्धवट ज्ञानावर घरच्या माणसासारखा वागणारा शेजारी दुखवावा, ही गोष्ट मनाला डांचूं लागली. मग दुसऱ्या दिवशीं मी त्या शब्दाच्या मागें लागलों.

कोशाची चूक नव्हती. इंग्लंडांत आजहि साइडर म्हणजे आंबविलेला, मादक रसच. हेरफर्डशर, सॉमरसेट या परगण्यांतील बागा त्यासाठींच प्रसिद्ध आहेत. तेथून वसाहतवाले न्यू इंग्लंडांत आले तेव्हां हें पेयहि त्यांच्याबरोबर आलें आणि घरोघर नित्याचें झालें. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स हे मॅसॅच्युसेट्सचेच; सकाळीं उठल्यावर ते साइडरचा पेला घेत. पुढें एकोणिसाव्या शतकांत तेथें मद्यपाननिषेधाची मोठी चळवळ झाली, आणि १९२० पासून १९३३ पर्यंत तर देशभर दारूबंदीच होती. आज अमेरिकेंत नुसतें साइडर म्हटलें म्हणजे न आंबविलेला, न गाळलेला, गढूळ तांबूस रस समजतात. मादक असेल त्याला 'हार्ड' हें विशेषण लावावें लागतें. शब्द तोच, समुद्र ओलांडतांच अर्थ निराळा! आपल्या मराठींत आलेल्या 'शिक्षा' या शब्दाचें असेंच नाहीं का झालें? संस्कृतांत ती विद्या, आपल्याकडे ती छडी.

इतकी तयारी करून मी बाईंकडे क्षमा मागावयास गेलों. त्या मोकळेपणानें हंसल्या आणि पुन्हा भांडें शेगडीवर चढवून म्हणाल्या, आतां तुम्हीच करा, मी सांगतें. तीच माझी पहिली शिकवणी. ताजा रस त्यांनीं मंद आंचेवर ठेवला आणि उष्णतामापक बुडवून १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ७१ अंश सेल्सियस, भरल्याची खात्री करून घेतली. १९९६ सालीं अमेरिकेंत कच्च्या रसांतील जंतूंमुळें पुष्कळ लोक आजारी पडले होते. तेव्हांपासून रस तापवून घेण्याची खबरदारी तेथें फार वाढली. मग त्यांनीं मसाल्याची बरणी काढली. दालचिनी लंकेची, लवंग मोलुक्का बेटांची, जायफळ बांदा बेटांचें, अशीं मूळ गांवें मीं सांगितलीं. आणि हीं सारीं झाडें आतां आमच्या कोंकणांतल्या नारळ-सुपारीच्या वाड्यांतहि लावतात, दापोलीच्या कृषि विद्यापीठानें दालचिनीची 'कोंकण तेज' नांवाची जातहि काढली आहे, हेंहि सांगितलें. बाईंना त्याचें फार कौतुक वाटलें. घेणाऱ्यापाशीं देण्यासारखें कांहीं निघालें म्हणजे घेण्याचा संकोच उरत नाहीं.

आतां आपल्या घरीं हें कसें करावयाचें तें सांगतों. आपल्याकडे ताजा रस विकणाऱ्या गिरण्या नाहींत, म्हणून फळापासूनच आरंभ करावा लागतो. आपल्या बाजारांत हिमाचलाकडून येणारें 'डिलिशस' जातीचें सफरचंदहि मूळचें अमेरिकेचेंच. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स १९०४ सालीं हिंदुस्थानांत आले आणि सिमल्यापलीकडे कोटगढ येथें १९१६ च्या सुमारास त्यांनीं हीं कलमें लाविलीं. पुढें ते स्वातंत्र्याच्या चळवळींत तुरुंगांत गेले आणि १९३२ सालीं हिंदुधर्म स्वीकारून सत्यानंद झाले.

अशीं एक किलो सफरचंदें धुऊन, सालीसकट चिरावीं; बिया मात्र काढून टाकाव्या. दीड लिटर पाण्यांत घालून, झांकण ठेवून, मंद आंचेवर चाळीस मिनिटें शिजूं द्यावीं. खळखळून उकळी आणूं नये. तिनें सुवास उडून जातो. फोडी मऊ झाल्या कीं पळीनें चेंचून, स्वच्छ फडक्यांतून रस गाळून घ्यावा. चोथा टाकूं नका. गूळ घालून आटविला तर पोळीशीं उत्तम लागतो.

गाळलेल्या रसांत दालचिनीचे बोटभर लांबीचे २ तुकडे, लवंगा ५, आल्याच्या ३-४ चकत्या आणि संत्र्याच्या सालीचा एक पट्टा घालावा. सालीच्या आंतला पांढरा भाग खरवडून काढावा, तो कडू असतो. मसाला अख्खाच असावा. पूड घातली तर रस गढूळ होतो आणि दालचिनीची पूड त्यास बुळबुळीतपणा आणते. पुन्हा वीस मिनिटें मंद आंच द्यावी आणि मसाला काढून घ्यावा. लवंग अधिक वेळ राहिली तर बाकी साऱ्यांवर कुरघोडी करते. आपलीं सफरचंदें गोडच फार, म्हणून खालीं उतरल्यावर अर्ध्या लिंबाचा रस पिळावा. गूळ चवीपुरता, तोहि लागला तर. वर जायफळ किंचित् किसावें. सहा जणांस पुरेल.

भांड्याविषयीं एक अनुभवाचा बोल. पुण्यास परत आल्यावर मीं पहिला प्रयोग केला तो आजीच्या वेळच्या पितळी पातेल्यांत. कल्हई केव्हांच उडालेली. सफरचंदांतील आम्लानें धातु उतरली आणि रसाला असा कळकट वास आला कीं सारें पातेलें मोरींत ओतावें लागलें. तेव्हां भांडें पोलादी घ्या, नाहीं तर कल्हई केलेलें तरी घ्या.

याला मी मुद्दामच काढा म्हणत नाहीं. काढा औषध म्हणून डोळे मिटून घशाखालीं ढकलायचा असतो. या पेयानें पडसें बरें होतें असा दावा मी करणार नाहीं. परंतु २००८ सालीं वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनीं पडशानें बेजार झालेल्या ३० जणांवर प्रयोग केला, आणि योगायोगानें त्यांनीं वापरलें तें सफरचंद व काळें करंट या फळांचेंच पेय होतें. नाक किती मोकळें झालें हें मोजलें तेव्हां कांहीं फरक दिसला नाहीं; पण ऊन पेय घेतलेल्यांना घसा, खोकला, हुडहुडी आणि थकवा यांत आराम वाटला. रोग हटत नाहीं, पण माणसाला बरें वाटतें. आजाऱ्याच्या उशाशीं बसणाराला दुसरें काय हवें असतें? मधुमेहाच्या रोग्यांनीं मात्र जपावें. बाजारी रसाच्या एका पेल्यांतच सुमारें २४ ग्रॅम साखर असते, आणि ती फळाची असली तरी साखरच.

इंग्लंडांतील सफरचंदांच्या बागांतून जानेवारीच्या थंडींत एक जुनी चाल आहे. लोक झाडांभोंवतीं जमतात, मुळांवर साइडर ओततात, फांद्यांवर भाजलेले पावाचे तुकडे ठेवतात आणि पुढच्या वर्षीं उदंड फळ यावें म्हणून गातात. या विधीला 'वॉसेल' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ 'खुशाल अस' एवढाच आहे. बाईंनींच मला हें सांगितलें, आणि निरोपाच्या दिवशीं पेला उंचावून त्या तेंच म्हणाल्या.

गेल्या पौषांत आमच्या इमारतींतल्या शेजाऱ्यांना मीं हें पेय दिलें. वरच्या मजल्यावरचे माळकरी आजोबा पेला हातीं घेऊन थबकले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, यांत कांहीं नाहीं ना हो?" मला हंसूं आलें, आणि त्याबरोबर ती ऑक्टोबरची संध्याकाळहि आठवली. मीं त्यांना बसवून आंत काय काय घातलें आहे तें एकेक करून सांगितलें. आजोबांनीं मग दुसरा पेलाहि मागून घेतला.

श्रोतेहो, माझें सांगणें इतकेंच. पेला पुढें करणारानें आंत काय आहे हें आधीं सांगावें. आणि ज्याच्यापुढें तो येईल त्यानें नाकारण्यापूर्वीं एकदां विचारावें. या थंडींत हा पेला एकट्यासाठीं करूं नका.